सह्याद्रीच्या अभयारण्यांत रानमाश्यांची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भीमाशंकरला शेकरू मोजले जातात, त्यांची घरटीही मोजली जातात. कोयना आणि चांदोलीत वाघासाठी कॅमेरे लागतात. पण त्याच जंगलात फुलाफुलांवर फिरणाऱ्या मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद माश्या यांच्या जाती किती, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी यादीचं पान कोरंच सापडतं. ते पान भरायला निघालेले विद्यार्थी, निसर्गप्रेमी आणि वनखात्यातले मित्र आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

मधमाश्या म्हणजे आग्या, सातेरी, फुलोरी. मग मोजायचं काय?

या तिघींबरोबर पोयाची माशीही धरा. ती बारीक, काळी आणि डंख न मारणारी असते. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या फटीत राहते. या चारही माश्या आपल्या ओळखीच्या आहेत, कारण त्या मध साठवतात आणि माणूस तो काढतो.

पण जगात मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या सुमारे २०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात सातशेहून अधिक. त्यातल्या बहुतेकींना पोळंही नाही, राणीही नाही. एक मादी एकटीच घर करते. जमिनीत बीळ खणते किंवा वाळक्या काटकीच्या भेंडात बोगदा पाडते, परागाचा गोळा वळून ठेवते, त्यावर अंडं घालते आणि तोंड बंद करून पुढच्या खोलीला लागते. आपल्या पिल्लांची गाठ तिला बहुतेकदा पडतच नाही. या एकांड्या माश्या जंगलात सगळीकडे आहेत, पण त्यांना मराठीत नावंसुद्धा फारशी नाहीत. लाकूड पोखरणारा काळा भुंगा तेवढा सगळ्यांना माहीत असतो. तोही माशीच आहे. झायलोकोपा हे त्याच्या कुळाचं (इंग्रजीत genus) शास्त्रीय नाव.

पानाच्या कडेवरून गोल चकत्या कापून नेणारी पानकापी माशी, म्हणजे मेगाकाइली, तुमच्या अंगणातल्या गुलाबावरही येत असेल. पोटावर निळे पट्टे असलेली अमेगिला फुलाला मिठी मारून गूं गूं करत थरथरते आणि परागकोषाच्या बारीक भोकातून पराग झाडून घेते. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाला ही थरथर हवी असते, आणि सातेरीला ती जमत नाही. काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली थायरियस तर स्वतः घर बांधतच नाही. ती अमेगिलाच्या घरात अंडं घालते. जिथे थायरियस दिसली तिथे अमेगिला बऱ्यापैकी आहे असं समजायला हरकत नाही, म्हणून ती दिसली की मला फार बरं वाटतं.

या पानावर ‘रानमाश्या’ हा शब्द या सगळ्यांसाठी वापरला आहे.

रानमाशी, गांधीलमाशी आणि फुलमाशी यांत फरक कसा ओळखायचा?

फुलमाशीला पंख दोनच असतात, डोळे मोठे, मिशा आखूड. ती हवेत एका जागी स्थिर राहते. रानमाशीला आणि गांधीलमाशीला पंख चार. गांधीलमाशी अंगाने तुकतुकीत आणि कमरेला बारीक असते, आणि पिल्लांना किडे-अळ्या चारते. रानमाशी पिल्लांना पराग चारते, म्हणून पराग वाहून न्यायची काहीतरी सोय तिच्या अंगावर असते. सातेरीच्या मागच्या पायावर टोपली असते. अमेगिलाच्या पायावर दाट केस असतात. पानकापीचे केस पोटाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे पराग भरला की तिचं पोट खालून पिवळं दिसतं.

फसवणाऱ्याही आहेत. काही रानमाश्या अंगाने जवळजवळ केशहीन असतात, थायरियस पराग गोळाच करत नाही. सुरुवातीला चुका होतात. होऊ द्या, पण वहीत ‘नक्की नाही’ असं लिहा.

हे काम संरक्षित जंगलातच का? शेतात का नाही?

शेतातही व्हायलाच हवं. पण जंगलाचं महत्त्व वेगळं आहे. तिथे औषधफवारणी नाही, नांगर नाही. तिथली यादी आज तयार असेल, तर तीस वर्षांनी काय कमी झालं ते सांगता येईल. जर्मनीत ६३ संरक्षित क्षेत्रांमध्ये १९८९ ते २०१६ या २७ वर्षांत एकाच पद्धतीचे सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचं वजन मोजलं गेलं. ते तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं निघालं. ती क्षेत्रं कागदावर सुरक्षितच होती. कुणीतरी १९८९ साली सुरुवात करून ठेवली होती, म्हणून घट कळली.

दुसरं कारण रोजच्या व्यवस्थापनाचं. आपल्याकडे अभयारण्याची कामं मोठ्या प्राण्यांना समोर ठेवून आखली जातात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, कुठे काढायची, कुठलं गवत जाळायचं, वठलेली झाडं उचलायची की नाही, पाणवठा कुठे खोदायचा, यातल्या प्रत्येक निर्णयाचा जमिनीत किंवा लाकडात घर करणाऱ्या माशीवर परिणाम होतो. माश्या कुठे राहतात हे माहीत असेल, तर एखादी जाळरेषा पन्नास पावलं सरकवता येते. खर्च काहीच नाही.

परवानगी लागते का?

लागते, आणि ती मिळेपर्यंत जाळी घेऊन जंगलात शिरू नका. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. तिथून काहीही बाहेर न्यायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते, मग तो माशीचा एक नमुना का असेना. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयात जातो. याच कायद्यातल्या ‘वन्यजीव’ शब्दाच्या जुन्या व्याख्येत मधमाश्यांचा नावानिशी उल्लेख होता, ही गोष्ट अर्ज लिहिताना मी नेहमी आठवते.

अर्जात किती दिवस, कोणत्या महिन्यांत, कोणत्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत), किती नमुने आणि ते शेवटी कुठे ठेवणार हे स्पष्ट लिहा. मोघम अर्ज अडकतो. परवानगी हातात आली की आधी परिक्षेत्र कार्यालयात जाऊन वनरक्षकांना भेटा. कोणत्या ओढ्याला कधी फुलं येतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

काम परदेशी संस्थेबरोबर असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यताही लागते.

कोणता महिना चांगला?

एक महिना कधीच पुरत नाही. एकांड्या माशीची जात वर्षातले काही आठवडेच बाहेर दिसते. ते आठवडे चुकले तर ती जात तुमच्या यादीत येत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं ती तिथे नाहीच.

घाटमाथ्यावर फेब्रुवारीपासून झाडांचा बहर सुरू होतो. अंजनी, जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात. तेव्हा माश्या उंच शेंड्यांवर असतात आणि खालून जाळी पोहोचत नाही. पावसाळ्यात जंगल गप्प वाटतं, पण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सडे, म्हणजे कातळाची पठारं, फुलतात. सोनकी, तेरडा, कवला, सीतेची आसवं ही सगळी फुलं गुडघ्याच्या खाली असतात. कमी वेळात खूप माश्या पाहायच्या असतील, तर हाच काळ. दिवाळीनंतर फुलं कमी होतात, पण ओढ्याकाठची आणि वाटेकडेची झुडपं सोडू नका.

आणि कारवी. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते. तुमच्या सर्वेक्षणाच्या वर्षी कारवी फुलली असेल, तर माश्यांचे आकडे इतर वर्षांशी सरळ ताडून पाहू नका. ते वर्ष वेगळंच असतं, तसं वहीत ठळक लिहा.

थोडक्यात, पूर्ण वर्षभर दर महिन्याला किमान एक फेरी. दोन वर्षं मिळाली तर उत्तम.

दिवसातली कोणती वेळ?

सकाळी ऊन अंगाला लागलं की, म्हणजे साडेआठ-नऊपासून दुपारी बारापर्यंत, आणि पुन्हा साडेतीनच्या पुढे. धुकं, वारा किंवा भुरभुर पाऊस असेल तर फेरी पुढे ढकला.

पण रात्र विसरू नका, आणि हे मी भीमाशंकरमुळे सांगतो आहे. वारस नावाचं झाड तिथे आहे. त्याच्या फुलांना रात्री भुंगे भेट देतात आणि परागीभवन करतात, हे तिथल्या अभ्यासातून २००१ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्याच जंगलात झायलोकोपा ट्रान्क्वेबॅरिका या भुंग्याचं निरीक्षण झालं. तो चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात तो रंगही ओळखू शकतो. माणसाला तेव्हा सगळं काळं-करडंच दिसतं. या भुंग्याच्या डोळ्यांची मूळ घडण दिवसा उडणाऱ्या माश्यांसारखीच आहे. तेवढ्या डोळ्यांवर तो अंधारात घरी परततो! ज्या सर्वेक्षणाने सायंकाळी सहाला गाशा गुंडाळला, त्याला हा भुंगा भेटणारच नाही. रात्रीच्या फेरीची परवानगी वेगळी मागावी लागते. बिबट्याचा विचार करावा लागतो. वनरक्षकाशिवाय जाऊ नये.

पद्धत कोणती वापरायची? जाळी की वाडगे?

दोन्ही, आणि शिवाय डोळे.

जाळीचं काम असं चालतं. शंभर-दोनशे मीटरची वाट ठरवायची आणि त्या वाटेवर अर्धा तास हळूहळू चालत फुलांवरच्या माश्या टिपायच्या. माशी पकडून कुपीत घालायला जो वेळ जातो, तेवढा घड्याळ थांबवायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माशी कोणत्या फुलावर होती ते तिथल्या तिथे लिहायचं. झाडाचं नाव माहीत नसेल तर डहाळीचा फोटो घ्या. फुलाशिवाय माशीची नोंद म्हणजे पत्त्याशिवाय पत्र.

वाडग्यांना सगळे पॅन ट्रॅप म्हणतात. प्लॅस्टिकच्या लहान वाट्या, पांढऱ्या आणि चमकणाऱ्या निळ्या-पिवळ्या रंगाने रंगवलेल्या. त्यांत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. माशीला तो रंग फुलासारखा वाटतो. ती उतरते आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असल्याने बुडते. वाट्या पाच-पाच मीटरवर रंगांची अदलाबदल करत मांडायच्या, सकाळी ठेवायच्या आणि संध्याकाळी उचलायच्या. पद्धत स्वस्त आहे आणि पकडणाऱ्याचं कौशल्य त्यात आड येत नाही. दोन वेगळ्या जंगलांची तुलना करायला हे फार उपयोगी पडतं.

पण वाडग्यांवर एकट्यावर विसंबू नका. त्यांत बारीक घाममाश्या भरपूर येतात. भुंगे आणि आग्या-सातेरी अगदी कमी सापडतात. सड्यावर फुलांचा गालिचा असतो तेव्हा तर वाट्यांकडे कुणी फिरकत नाही, आणि आकडा वाचून वाटतं की माश्याच नाहीत. दाट सावलीत रंग चमकत नाही. जून-जुलैमध्ये अर्ध्या तासात वाट्या पावसाने भरून वाहतात. वानरांना निळी वाटी फार आवडते. एका सकाळी मांडलेल्या तीस वाट्यांपैकी अकरा आम्हाला झाडाखाली उपड्या मिळाल्या होत्या. उलटलेल्या वाट्यांची संख्याही लिहावी लागते, नाहीतर त्या दिवसाचा आकडा खोटा ठरतो.

तिसरी पद्धत म्हणजे घरं शोधणं, आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे. मातीची उभी दरड, पायवाटेची उघडी कड, वठलेलं खोड, मोडलेल्या काटकीचं टोक पाहा. पेन्सिलीएवढं भोक आणि बाजूला ताज्या मातीचा बारीक ढीग दिसला की दहा हातांवर बसून राहा. पंधरा-वीस मिनिटांत मालकीण येतेच. पाय पिवळे असतील तर आत पिल्लांचा डबा भरणं चालू आहे.

नमुना म्हणून माशी मारणं खरंच गरजेचं आहे का?

हा प्रश्न विचारणारा माणूस या कामाला योग्य आहे. खरं उत्तर असं की काहींना मारावं लागतं, आणि जमेल तितक्या कमी.

आग्या, सातेरी, फुलोरी, मोठे भुंगे, अमेगिला, थायरियस यांची कुळापर्यंतची ओळख चांगल्या फोटोवरून होते. त्यांना मारू नका. कुपीत घालून बर्फाच्या डब्यात काही मिनिटं ठेवलं की माशी सुस्तावते. फोटो घ्या, पंखाच्या शिरा टिपा आणि उन्हात ठेवा, ती उडून जाते. पण लॅसिओग्लॉसम, सेराटिना, ब्राउनसॅपिस यांसारख्या चार-सहा मिलिमीटरच्या माश्यांची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. कधी कधी नराचे अवयव उघडून पाहावे लागतात. त्या नमुन्याशिवाय यादीतलं नाव हा निव्वळ अंदाज राहतो आणि पुढे कुणालाही तो तपासता येत नाही.

आमचे नियम साधे आहेत. एका ठिकाणाहून एका प्रकारच्या दोन-तीनपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत. घराच्या तोंडाशी पराग घेऊन येणारी मादी घ्यायची नाही. वाडगे रात्रभर सोडायचे नाहीत. आणि ज्या नमुन्याला टाचणी, चिठ्ठी आणि संग्रहालयात जागा मिळणार नाही, तो घ्यायचाच नाही. डब्यात बुरशी लागून वाया गेलेल्या माश्या मी पाहिल्या आहेत. त्या मेल्या आणि त्यांची नोंदही झाली नाही, याहून वाईट काही नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं?

ठिकाण, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, पद्धत, फूल, पकडणाऱ्याचं नाव. हे त्याच दिवशी, न पुसणाऱ्या शाईने लिहा. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई विरघळते, म्हणून कुपीच्या आतली चिठ्ठी पेन्सिलीने.

ओळख कोण पटवून देतं?

इथेच काम तुंबतं. भारतातल्या माश्या-गांधीलमाश्यांचा जो मूळ ग्रंथ आजही उघडावा लागतो, तो बिंगहॅमचा, १८९७ सालचा. त्यानंतर अनेक कुळांची नावं बदलली, नव्या जातींची भर पडली. हे सगळं जाणणारी माणसं देशात मोजकीच आहेत. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे नमुने जमा करता येतात. पुण्यातच १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जुना कीटकसंग्रह आहे.

तज्ज्ञाला शंभर डबे पाठवण्याआधी स्वतः कुळापर्यंत वेगळं करायला शिका. पंखावरच्या शिरा, जिभेची लांबी, परागाचे केस कुठे आहेत, एवढ्यावर बरंचसं काम होतं. एक पाय स्पिरिटमध्ये वेगळा ठेवला तर पुढे डीएनए तपासणी करता येते. पण त्या तपासणीतही जुळवायला नीट ओळखलेला नमुना लागतोच.

पूर्ण यादी किती दिवसांत होईल?

अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे या कोरड्या, विस्तीर्ण संरक्षित प्रदेशात चार वर्षं काम करून ६६० जाती मिळाल्या. आपल्याकडे पाऊस आणि उंच झाडं वेगळी, म्हणून तो आकडा इथे लावू नका. पण लागणाऱ्या वेळाचा अंदाज त्यावरून येतो.

दर फेरीनंतर एकूण जातींचा आलेख काढत राहा. रेघ चढतीच असेल तर काम संपलेलं नाही. ती आडवी व्हायला लागली तर जवळ आलात. एकदाच सापडलेल्या जाती खूप असतील, तर अजून बऱ्याच राहिल्या आहेत असं समजा.

आग्यामोहोळाजवळ काम करताना काय काळजी घ्यावी?

कड्यावर किंवा मोठ्या झाडावर पोळी दिसली की वाट बदला. अत्तर, सुवासिक तेल आणि धूर टाळा. जवळ ढोल-ताशा किंवा फटाके वाजणार असतील, तर त्या दिवशी जाऊच नका. माश्या अंगावर आल्या तर तोंड आणि मान झाकून सरळ पळा, गाडीत किंवा खोलीत शिरा. हात झाडू नका, पाण्यात उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली किंवा डंख खूप असतील, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. चमूतल्या कुणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

गावातल्या लोकांना कसं सामील करायचं?

तुम्ही त्यांना सामील करत नाही, तेच तुम्हाला करून घेतात. भीमाशंकरच्या परिसरातले महादेव कोळी, कोकणातले कातकरी आणि ठाकर पिढ्यान्‌पिढ्या मध काढत आले आहेत. पोयाची माशी कोणत्या ढोलीत आहे, आग्या कधी येते आणि कधी जाते, कोणत्या फुलाचा मध कडू लागतो, हे ते न अडखळता सांगतात. त्यांच्या वेळेची मजुरी द्या, अहवालात त्यांचं नाव घाला. पोळ्यांच्या नेमक्या जागा मात्र जाहीर करू नका, त्यावर बाहेरचे लोक येऊन पोळी लुटतात. गावाची जैवविविधता समिती असेल तर लोकजैवविविधता नोंदवहीत या माश्यांची पानं जोडून द्या.

अभयारण्याच्या हद्दीत मधपेट्या ठेवल्या तर मधमाश्या वाढतील ना?

एकाच जातीच्या वाढतील. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर केलं गेलं. तिथला धंदा सातेरीवर उभा आहे, आणि सातेरी इथलीच. गावठाणात, मालकीच्या रानात त्याला माझा विरोध नाही. पण मेलीफेरा ही बाहेरून आणलेली माशी आहे. तिच्या पेट्या शेकड्याने जंगलाच्या कडेला आल्या तर फुलं तेवढीच आणि खाणारी तोंडं जास्त, अशी गत होते. रोगाचाही धोका आहे. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. अभयारण्याच्या आत पेट्या नकोत, आणि आधी रानमाश्यांची यादी झाल्याशिवाय सीमेवरही नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला फक्त फोटो काढता येतात. उपयोग आहे?

आहे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. एकच सुंदर फोटो नको, तीन-चार कोनांतून हवेत: समोरून चेहरा, बाजूने अंग, वरून पंख, मागचा पाय. फूल ओळखू येईल असा एक. तारीख आणि ठिकाण खरं ठेवा.

मी वनरक्षक आहे. माझ्या बीटमध्ये आजपासून काय करू?

भोकं पडलेलं वठलेलं खोड वाटेत आडवं नसेल तर राहू द्या. पायवाटेच्या कडेची जी उघडी दरड उन्हात तापते, तिच्यावर ‘गवत लावून सुधारणा’ करू नका. गस्तीच्या वहीत एक रकाना वाढवा: आज कोणत्या झाडाला फूल आलं आणि त्यावर काय बसलं होतं. माशीचं नाव येत नसेल तर ‘काळी, बारीक, पोट पिवळं’ एवढं लिहा. पुढच्या फेरीला आम्ही येऊ तेव्हा ती वही आधी मागू, आणि मग तुमच्याबरोबर त्या झाडापाशी जाऊन बसू.